आस नसलेल्या तारेवर स्लाइड

माझ्या गिटारची घोडी, म्हणजे तारांची टोके जिथे अडकवलेली असतात तो लाकडी तुकडा, पोटापासून सुटू लागली, आणि त्याचा दोष सर्वस्वी माझ्याकडे जातो. स्लाइडखाली, म्हणजे तारांवरून सरकवायच्या काचेच्या किंवा धातूच्या नळीखाली, तार जितकी ताठ, तितका स्वर भरीव निघतो या समजुतीने मी त्या अकूस्टिक गिटारवर मध्यम जाडीच्या पोलादी तारा चढवल्या होत्या आणि ती जवळजवळ दोन वर्षे ओपन ईमध्ये, म्हणजे मोकळ्या तारा छेडल्या की ई कॉर्ड (एकत्र वाजणारा स्वरसमूह) लागेल अशी, जुळवून ठेवली होती. या जुळवणीत नेहमीपेक्षा तीन तारा वर चढवाव्या लागतात, त्यांपैकी दोन तर पूर्ण एका स्वराने; आणि तार एक पूर्ण स्वर चढवली की तिच्यावरचा ताण सुमारे २६ टक्क्यांनी वाढतो. हलक्या जाडीच्या सहा तारासुद्धा नेहमीच्या जुळवणीत मिळून ७० किलोंहून अधिक ओढ लावत असतात, तेव्हा माझ्या वाद्याच्या पातळ लाकडी पोटावर किती भार पडत होता हे घोडीमागच्या फटीत कागद अलगद आत सरकला त्या दिवशी कळले. ओपन डी ही हीच जुळवणी एक स्वर खाली घेतलेली असते. तिच्यात चार तारा उतरवायच्या असतात, चढवायची एकही नसते, आणि तारांमधली अंतरे तीच राहत असल्याने बोटांना नव्याने काही शिकावे लागत नाही. हे सगळे मला ठाऊक होते. आवाजाच्या थोड्या जास्तीच्या चकाकीसाठी मी वर राहिले.

दुरुस्तीला पाच आठवडे लागणार होते. तेवढ्या काळात हाताशी उरले ते एकच तंतुवाद्य: एक टेनर युकुलेली, गिटारसारखे पण लहान चारतारी वाद्य, जिच्यावर मी तोवर गाण्याच्या साथीपलीकडे काही वाजवले नव्हते. पहिल्याच संध्याकाळी गिटारवरची जड पितळी स्लाइड करंगळीत घालून मी तिच्यावर ब्लूजमधली, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या त्या लोकसंगीतातली, माझी हुकमी ओळ काढून पाहिली. स्लाइड टेकताच नायलॉनची तार दबून फ्रेटला (गळ्यावरच्या धातूच्या आडव्या पट्टीला) लागली, खडखडाट झाला, आणि ज्या स्वरापाशी मी नेहमी थांबून त्याला झुलवत असे, तो स्वर मी तिथे पोहोचण्याआधीच विझला. मोबाइलवर केलेले त्या संध्याकाळचे ध्वनिमुद्रण मी अजून पुसलेले नाही. त्यात खडखडाटापेक्षा जास्त बोचते ती गोष्ट निराळीच आहे: जे थोडे स्वर स्वच्छ उमटले आहेत, त्यांतले निम्मे बेसूर आहेत, आणि हे वाजवणारी बाई दहा वर्षे स्लाइड वाजवत आलेली आहे.

तार छेडल्यानंतर स्वर जितका वेळ टिकून राहतो त्याला वादक आस म्हणतात. पोलादी तारेला आस भरपूर असते. काचेची किंवा धातूची स्लाइड तारेवरून सरकत असताना तो स्वर जिवंत असतो, त्यामुळे वादक थोडा अलीकडे उतरला काय किंवा थोडा पलीकडे गेला काय, कान चूक सांगतो, हात मिलिमीटरभर सरकतो आणि ऐकणाऱ्याला ती दुरुस्तीही मींडच (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे) वाटते. वर्षानुवर्षे मी अशीच वाजवत होते. अंदाजाने उतरायचे, मग कानाने शोधायचे आणि शोधताना झालेली वळवळ झाकण्यासाठी स्वराला रुंद कंप द्यायचा. युकुलेलीची तार हा शोधायचा वेळ देतच नाही. तिच्यावर स्वर जिथे उतरतो तिथेच संपतो. त्यामुळे त्या पाच आठवड्यांत मला जे शिकावे लागले ते खरे तर गिटारवर पहिल्या वर्षी शिकायला हवे होते.

या दोन वाद्यांची गाठ कोणी तरी ओढूनताणून घातलेली आहे असे मात्र समजू नये. ब्लूजचे संगीतकार डब्ल्यू. सी. हँडी यांनी १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रात १९०३च्या सुमाराची एक रात्र सांगितली आहे. मिसिसिपी राज्यातील टटवायलर येथील स्थानकावर कित्येक तास उशीर झालेल्या गाडीची वाट पाहत असताना त्यांना डुलकी लागली आणि जाग आली ती शेजारी बसलेल्या एका फाटक्या कपड्यांतल्या माणसाच्या गिटारने. तो तारांवर सुरी दाबून वाजवत होता आणि एकच ओळ तीनदा गात होता. हँडींनी त्या सुरीचे वर्णन करताना हवाईच्या गिटारवादकांची आठवण काढली आहे, जे पोलादी कांबीने वाजवत असत. ती कांबीची पद्धत घडवण्याचे श्रेय बहुधा हवाईतल्या ओआहू बेटावरील लाये गावच्या जोसेफ केकुकू यांना दिले जाते. १८८०च्या दशकाच्या अखेरीस शाळकरी वयात त्यांनी ती शोधली असे सांगतात. त्याच्या जेमतेम दहा वर्षे आधी, ऑगस्ट १८७९मध्ये, रेव्हन्सक्रॅग नावाचे जहाज मदेरा बेटावरचे पोर्तुगीज मजूर घेऊन होनोलुलूला लागले होते आणि त्यांच्याबरोबर आलेल्या लहानशा चारतारी वाद्यापासून त्यांच्यातल्याच सुतारांनी युकुलेली घडवली. म्हणजे मांडीवर ठेवून कांबीने वाजवायची गिटार आणि युकुलेली ही एकाच बेटसमूहावर, एकाच पिढीच्या हातांत वाढलेली भावंडे आहेत. ब्लूजमधल्या स्लाइडची मुळे अर्थात केवळ हवाईत नाहीत. अमेरिकेच्या दक्षिणेत लहान मुले भिंतीवर किंवा फळीवर एकच तार ताणून, तिच्यावर बाटली किंवा दगड घासून वाजवत असत. या एकतारी खेळाला डिडली बो म्हणतात आणि त्याचे पूर्वज आफ्रिकेत शोधले जातात. ब्लूज वादक मिसिसिपी फ्रेड मॅकडॉवेल यांनी लहानपणी एका नातेवाइकाला हाड घासून केलेल्या स्लाइडने वाजवताना पाहिले होते. सुरी, हाड, बाटलीची मान, पाइपचा तुकडा, पुढे औषधाची काचेची बाटली: स्लाइडचा इतिहास हा हाताशी जे आहे त्याचाच इतिहास आहे. म्हणूनच महागड्या स्लाइडच्या चर्चेत रमणाऱ्यांचे मला नवल वाटते.

स्लाइडने वाजवण्यातला मूळ नियम एका वाक्यात सांगता येतो आणि तो अंगवळणी पडायला वर्षे लागतात. बोटाने तार दाबताना आपण दोन फ्रेटच्या मधल्या जागेत दाबतो आणि स्वर ठरवण्याचे काम फ्रेटची धातूची पट्टी करते. स्लाइड मात्र तार दाबत नाही, तिला केवळ टेकते. स्वर स्लाइडपाशीच ठरतो, म्हणून ती बरोबर पट्टीच्या वर यायला हवी. नवशिका जुन्या सवयीने मधल्या जागेत थांबतो आणि प्रत्येक स्वर उतरलेला लागतो. दुसरी अडचण अशी की तार स्लाइडच्या दोन्ही बाजूंना कंप पावते. उजवीकडचा, घोडीपर्यंतचा भाग आपल्याला हवा असतो. डावीकडचा, नटपर्यंतचा (गळ्याच्या टोकाशी तारा टेकतात त्या तुकड्यापर्यंतचा) भाग आपला एक वेगळाच नकोसा सूर कुजबुजत राहतो. त्यासाठी स्लाइडच्या मागे डाव्या हाताची एक-दोन बोटे तारांवर अलगद, दाब न देता, ठेवून द्यायची असतात. स्लाइड कोणत्या बोटात घालावी हा वाद त्यामुळेच निरर्थक नाही. करंगळीत घातली तर मागे तीन बोटे मोकळी राहतात, त्यांनी तारा मुक्या करता येतात आणि अधूनमधून साधी कॉर्डही धरता येते. डुएन ऑलमन अनामिकेत औषधाची काचेची बाटली घालत, बॉनी रेट मधल्या बोटात घालतात, आणि दोघांच्याही वाजवण्यात कसली उणीव कोणी काढलेली नाही. तरी युकुलेलीच्या अरुंद गळ्यावर करंगळीला पर्याय नाही असे माझे ठाम मत झाले आहे, कारण तिथे बाकीची बोटे ठेवायला दुसरीकडे जागाच नसते.

उजव्या हाताने तारा मुक्या करणे याहून अवघड आहे आणि त्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. स्लाइड सरळ असते, ती एका वेळी अनेक तारांना टेकते, म्हणून एका तारेवर सूर काढताना शेजारच्या तारा फुकट बोलू लागतात. ज्या तारेवर वाजवायचे नाही तिच्यावर उजव्या हाताचे बोट विसावलेले असले पाहिजे. ज्या क्षणी एका तारेवरून दुसरीवर जायचे त्या क्षणी पहिली गप्प करायची. मी नख न वापरता अंगठा, तर्जनी आणि मधले बोट वापरते, आणि छेडण्यापेक्षा गप्प करण्यातच त्यांचा जास्त वेळ जातो. या कामात प्लास्टिकच्या पिकचा (तार छेडायच्या चकतीचा) काही उपयोग होत नाही, कारण पिक धरण्यात दोन बोटे खर्ची पडतात. गिटारवर हे शिस्तीत न केल्यास एक धूसर गलका तयार होतो, जो कित्येकदा कानाला भुरळही घालतो. युकुलेलीवर तो गलका लगेच मरतो, आणि म्हणून तिथे आपले आळशीपण लपून राहते. एवढ्या एका बाबतीत ती गिटारपेक्षा जास्त क्षमाशील आहे, हे मान्य करायला हवे.

आता जुळवणीकडे वळते, कारण सगळी गंमत तिथे आहे. ओपन डी किंवा ओपन ई यांच्या सहा तारा जाडीकडून बारीककडे सा प सा ग प सा अशा लागतात. ओपन जी आणि ओपन ए या दुसऱ्या घराण्यातल्या जुळवण्या प सा प सा ग प अशा. एल्मोर जेम्स यांच्या वादनाची ओळख पहिल्या प्रकाराशी जोडलेली आहे, तर मिसिसिपीच्या अनेक जुन्या वादकांचा हात दुसऱ्या प्रकारावर बसलेला होता. युकुलेलीची नेहमीची जुळवणी जी, सी, ई, ए अशी असते. सी हा षड्ज धरला तर ती प सा ग ध होते, आणि मोकळ्या चारही तारा एकदम छेडल्या की हवाईच्या संगीतातली ती ओळखीची सैलावलेली, सुट्टीवर निघालेली कॉर्ड ऐकू येते. सरळ स्लाइडखाली या जुळवणीचे दोन चेहरे दिसतात: खालच्या तीन तारा, म्हणजे प सा ग, हसऱ्या मेजर कॉर्डच्या असतात, आणि वरच्या तीन, म्हणजे सा ग ध, उदास मायनर कॉर्डच्या. पहिला आठवडा मी याच जुळवणीत काढला. मायनरचा चेहरा सुंदर होता, पण तो धैवत मधेच येऊन ब्लूजच्या कडवटपणावर साखर पेरत होता.

मग मी पहिली तार ए वरून जी वर उतरवली. केवळ एक तार, एक पूर्ण स्वर. जुळवणी झाली प सा ग प. गिटारच्या ओपन जीमधल्या वरच्या चार तारा पाहा: प सा ग प. म्हणजे माझ्या युकुलेलीच्या चार तारा आता ओपन जीमधल्या गिटारच्या पाचव्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावल्यावर वरच्या चार तारा जशा लागतील तशाच लागल्या होत्या, फक्त चौथी तार एक सप्तक वर होती, कारण युकुलेलीची चौथी तार परंपरेने जाड नसून बारीक, वरच्या स्वराची असते. ज्यांच्याकडे मोठी, खालच्या स्वरांची बॅरिटोन युकुलेली आहे त्यांचे काम याहून सोपे आहे: तिच्या डी, जी, बी, ई या तारांतली शेवटची डीवर उतरवली की कॅपोचीही कल्पना करावी लागत नाही, ती ओपन जीच्या वरच्या चार तारांशी स्वरशः जुळते. गिटारवरच्या ज्या ओळी वरच्या चार तारांत मावत होत्या त्या सगळ्या एका दिवसात युकुलेलीवर आल्या. उरल्या त्या खर्जाच्या ओळी, आणि त्यांचा प्रश्न मी अजून पुरता सोडवलेला नाही.

उंचावर असलेल्या चौथ्या तारेने सुरुवातीला मला छळले. गिटारवर ब्लूज वाजवताना अंगठा जाड तारांवर एक ठोका धरून ठेवतो आणि बाकीची बोटे त्यावर बोलतात. इथे अंगठ्याखाली खर्ज नाही, वरचा पंचम आहे. काही दिवसांनी लक्षात आले की ही तार खर्जाची जागा भरायला आलेलीच नाही, तिची जागा चिकारीची आहे. सतारीवर चिकारीच्या तारा जशा ओळीच्या फटींतून ठिणगीसारख्या उडतात, तसा हा पंचम वापरला की युकुलेलीवरचा ब्लूज एकदम श्वास घेऊ लागतो. गिटारचा अंगठा ठोक्यावर पडतो. युकुलेलीचा मी ठोक्यांच्या मध्ये पाडू लागले. नायलॉनची तार लवकर विझते त्यामुळे ओळीत ज्या रिकाम्या जागा पडतात, त्यात ही चिकारी बरोबर बसते.

स्लाइड बदलावी लागली हे सांगायला नकोच. पितळेची जड स्लाइड पोलादी तारेवर बसते, नायलॉनला ती चिरडते. शिवाय पहिली तार एक स्वर उतरवल्याने तिचा ताण आणखी सुमारे २० टक्क्यांनी घटला होता. मी पातळ काचेची, आखूड स्लाइड घेतली, जी चार तारांना जेमतेम पुरते, आणि नट सैल करून त्याखाली जाड कागदाचे दोन तुकडे सरकवून तारा किंचित उचलल्या. त्यापेक्षा जास्त उचलल्या तर बोटांनी कॉर्ड धरताना स्वर चढू लागतात. काचेचा आवाज पितळेपेक्षा मऊ येतो, पण नायलॉनवर हा फरक इतका पुसट होतो की त्यावर मी पुन्हा कधी विचार केला नाही.

विचार केला तो अंतरांचा. माझ्या गिटारच्या तारेची लांबी नटपासून घोडीपर्यंत सुमारे ६४८ मिलिमीटर आहे, टेनर युकुलेलीची सुमारे ४३०. बाराव्या फ्रेटपाशी, जिथे तार बरोबर निम्मी होते, तिथून पुढचा अर्धस्वर गिटारवर सुमारे १८ मिलिमीटरवर असतो आणि युकुलेलीवर १२ मिलिमीटरवर. अर्धस्वराचे १०० भाग पाडले तर प्रत्येक भागाला सेंट म्हणतात. तिथे एका मिलिमीटरची चूक गिटारवर साडेपाच सेंटच्या आसपास जाते, युकुलेलीवर आठ सेंटच्या. त्याहून लहान सोप्रानो युकुलेलीवर तीच चूक दहा सेंटची होते, म्हणून स्लाइडसाठी सोप्रानो घ्यावी असे मी कोणालाही सुचवणार नाही. करंगळीतल्या काचेची तारेवर टेकणारी कड नक्की कोठे आहे हे वरून पाहताना डोळ्याला फसवते, कारण आपण वाद्याकडे तिरके पाहत असतो. मी आठवडाभर आरशासमोर बसले आणि त्याने इतका फायदा झाला की हे मला आधी कोणी का सांगितले नाही, याचा थोडा रागही आला.

पण फ्रेटच्या पट्टीवर काटेकोर उतरणे हीसुद्धा अर्धीच गोष्ट आहे, कारण ब्लूजचा गंधार पट्टीवर राहत नाही. पियानोवरचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर असतो, कोमल गंधार ३०० वर. तानपुऱ्याच्या खर्जात जो स्वयंभू गंधार ऐकू येतो तो साधारण ३८६ सेंटवर, म्हणजे पियानोच्या गंधारापेक्षा १४ सेंट उतरलेला असतो. ब्लूज गाणारे आणि स्लाइड वाजवणारे कोमल आणि शुद्ध यांच्या मधल्या या सगळ्या मुलखात फिरतात, आणि त्यात कोठे थांबायचे हे ओळीवर, शब्दावर, मनःस्थितीवर अवलंबून असते. स्वर कोमलाकडून निघून वर चढत शुद्धाच्या थोडा अलीकडे रेंगाळला, की ज्याला ब्लू नोट म्हणतात ती ऐकू येते. स्वयंभू गंधारावर थांबायचे असेल तर बाराव्या फ्रेटपाशी स्लाइड पट्टीच्या मागे गिटारवर सुमारे अडीच मिलिमीटर आणि युकुलेलीवर पावणेदोन मिलिमीटर ठेवावी लागते. हे आकडे मी नंतर कागदावर काढले. कान त्यांच्या आधीच तिथे पोहोचला होता, कारण मोकळा षड्ज आणि पंचम वाजत असताना त्या जागेवर गंधार अचानक शांत होतो, त्याच्यातली थरथर नाहीशी होते. कोमल निषादाचेही असेच आहे, तोही पट्टीच्या थोडा मागेच गोड लागतो.

कंपाबद्दल एक मत इथेच नोंदवते. बोटाने तार ताणून दिलेला कंप केवळ वरच्या बाजूला जातो, कारण ताणलेली तार चढतेच. स्लाइडचा कंप दोन्ही बाजूंना जाऊ शकतो, आणि म्हणून त्याचा मध्य कोठे आहे हे महत्त्वाचे ठरते. मध्य चुकला तर कितीही देखणा कंप बेसूर वाटतो. मी माझा कंप पाच आठवडे पूर्ण बंद ठेवला. स्वर उतरला की हात स्थिर ठेवायचा. हे ऐकायला सोपे वाटते, पण करताना चारचौघांत अचानक बोलणे थांबवून उभे राहिल्यासारखे अवघडल्यासारखे होते.

सरावासाठी मी बारा मात्रांची नव्हे, बारा बारची (बार म्हणजे चार ठोक्यांचा एक गट) ब्लूजमधली नेहमीची चौकट घेतली: चार बार षड्जावर, दोन मध्यमावर, दोन पुन्हा षड्जावर, मग एक पंचमावर, एक मध्यमावर आणि शेवटचे दोन षड्जावर. प सा ग प या जुळवणीत षड्जाची कॉर्ड मोकळ्या तारांवर किंवा बाराव्या फ्रेटवर मिळते, मध्यमाची पाचव्यावर, पंचमाची सातव्यावर. स्लाइड सरळ ठेवली की काम झाले. सूर काढायला पहिली तार सर्वांत उदार आहे. तिच्या तिसऱ्या फ्रेटवर कोमल निषाद आहे, पाचव्यावर षड्ज, आठव्यावर कोमल गंधार, नवव्यावर शुद्ध गंधार आणि बाराव्यावर वरचा पंचम. तिसऱ्यावरून पाचव्यावर घसरत जाणारी मींड हे ब्लूजचे सर्वांत जुने वाक्य असावे असे मला नेहमी वाटते. आठव्या आणि नवव्याच्या मध्ये तोच बदलता गंधार सापडतो, आणि दुसऱ्या तारेवर तो पुन्हा अकराव्या-बाराव्याच्या मध्ये भेटतो, तिथे त्याचा आवाज थोडा दाट असतो. एकच स्वर दोन तारांवर, दोन वेगळ्या आवाजांत उपलब्ध असणे ही चैन आहे. पहिल्या तारेवरचा नववा विझत असताना दुसरीवरचा बारावा सुरू केला की नायलॉनच्या अपुऱ्या आसेला टेकू मिळतो.

लवकर विझणाऱ्या तारेसाठी ओळींची लांबीही बदलावी लागली. गिटारवर मी एक स्वर दोन ठोके ताणत असे. इथे तीच जागा तीन छोट्या आघातांनी भरावी लागे, किंवा सोडून द्यावी लागे. सोडून दिलेलीच बहुतेक वेळा बरी वाटली. पूर्वी ऐकलेली ध्वनिमुद्रणेही या काळात निराळी ऐकू येऊ लागली. ब्लाइंड विली जॉन्सन यांचे डिसेंबर १९२७मध्ये डॅलस येथे नोंदलेले एक शब्दहीन भजन आहे, जे १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत अंतराळात पाठवले गेले. त्यात गळा आणि स्लाइड एकमेकांचा माग काढतात, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी दोघेही गप्प होतात. वर्षानुवर्षे मी त्यातली मींड ऐकत होते. आता मला त्यातले थांबे ऐकू येतात, आणि स्लाइड स्वरावर किती नेमकी उतरते तेही. मी त्यानंतर एक सवय लावून घेतली: ओळ आधी गुणगुणायची, ती एका श्वासात मावते का पाहायचे, आणि मावत नसेल तर हातानेही ती वाजवायची नाही.

गिटार परत आली तेव्हा तिच्यावर हलक्या तारा होत्या आणि मी ती ओपन डीमध्ये लावली. पहिला अर्धा तास ती मला कर्कश वाटली, प्रत्येक स्वर गरजेपेक्षा जास्त वेळ खोलीत रेंगाळत होता. मग मी जुनी हुकमी ओळ वाजवली आणि मोबाइलवर नोंदवली. दोन्ही ध्वनिमुद्रणे एकामागून एक ऐकताना जाणवले की ओळ आखूड झाली आहे, तिसऱ्या तारेवरच्या बाराव्या फ्रेटपाशी गंधार पहिल्याच स्पर्शात बसतो आहे, आणि कंप जवळजवळ नाहीच. तो अजून थोडा ताठ वाटतो हेही खरे. कंप पुन्हा आणायचा आहे, पण या वेळी स्वर बसल्यानंतर, शोधायचे साधन म्हणून नव्हे.

युकुलेली मी परत गाण्याच्या साथीला लावलेली नाही. सध्या तिच्या चौथ्या तारेच्या जागी खालच्या जीची, धातू गुंडाळलेली तार लावून पाहते आहे, म्हणजे अंगठ्याला थोडा तरी खर्ज मिळेल. खर्ज मिळाला, पण गुंडाळलेल्या तारेवर काच सरकताना एक कोरडी खरखर उठते, जी शेजारच्या गुळगुळीत तारांच्या मऊपणात फार उघडी पडते, आणि चिकारी गेल्याची चुटपुटही लागते. काल रात्री मी ती तार काढून ठेवली. आज सकाळी परत लावली.